वरचं ठेवायचं

करंजमाचीत बी निवडावं ते वैशाली उतेकरनेच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला कुणालाही विचारा, हेच सांगेल. मे सरत आला की वाडीतल्या बाया आपापलं भाताचं बी घेऊन तिच्या अंगणात यायच्या. बादलीत पाणी, पाण्यात मीठ, आणि मिठाचा अंदाज वैशालीच्या मुठीचा. बी ओतलं की भरीव दाणा तळाला जायचा आणि पोचट वर तरंगायचा. वरचं हाताने काढून कोंबड्यांपुढे टाकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं आणि मग राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, पेरायचं. यात कसलं आलंय मोठं शास्त्र, असं कुणाला वाटेल. पण मीठ कमी पडलं तर पोचटही बुडतं आणि जास्त झालं तर चांगलंही वर येतं. वैशालीचा अंदाज वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि हे ती स्वतःच सांगायची. आपलं कौतुक करायला दुसरं माणूस शोधत बसण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता.

गेली तीन वर्षं ती बिरवाडीत खोली घेऊन राहत होती आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा औषध कंपनीत कामाला जात होती. नवरा चंदू मुंबईला, सासू ठमाबाई गावी, आणि आठवड्याच्या सुट्टीला वैशाली एसटीने वर. कंपनीत पहिली दोन वर्षं तिने काचेच्या बाटल्या धुतल्या. त्याही अशा धुतल्या, की उजेडात धरली तर बाटली आहे की नाही याची शंका यावी. तिथेच तिला श्रुतिकाने हेरलं.

श्रुतिका मूळची महाडचीच. पुण्याला राहून पीएचडी केलेली, तिशीच्या आतली, वाऱ्याने उडेल अशा अंगाची पोरगी. कंपनीचे मालक मेहेंदळे साहेब यांनी तिला मागची एक खोली दिली होती आणि एक वर्ष दिलं होतं. वर्षात जमलं तर ठीक, नाहीतर त्या खोलीत गोळ्या दाबायचं यंत्र बसवायचं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मेहेंदळे साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त रिकामी खोली बघवत नसे.

"ताई, सोनोग्राफीत रक्त काळंच दिसतं," श्रुतिकाने पहिल्या दिवशी वैशालीला समजावलं होतं. "काळजाच्या कप्प्याची कड कुठे, यकृतातल्या गाठीत रक्त किती, हे धड कळत नाही. मग रक्तात असं काहीतरी सोडायचं, की ज्यावर आपटून आवाजाची लाट परत येईल. वायूवर आपटली की लाट जोरात परतते. पण नुसता बुडबुडा शिरेत टिकत नाही. म्हणून त्याच्या अंगावर एक पातळ कवच घालायचं, पॉलिमरचं. काम झालं की शरीरात आपोआप विरून जाणारं. आणि ही कुपी किती मोठी? रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान."

"येवढ्याशा कुपीत वायू भरायचा कसा मंग?"

"आधी आत कापूर ठेवायचा. कुपी गोठवायची, भोवतालची हवा ओढून काढायची. कापूर उडून जातो, पोकळी उरते. पोकळीत वायू."

"कापूर? देवापुढचा?"

"तोच. जरा जास्त शुद्ध."

वैशालीला हे फारच आवडलं. कापूर जळून जाताना तिने जन्मभर पाहिला होता. मागे काहीतरी कामाचं ठेवून जाताना पहिल्यांदाच ऐकत होती.

श्रुतिकाला वैशालीच्या हाताची धार हवी होती. कापूर आणि पॉलिमरचं द्रावण घुसळत्या पाण्यात बारीक, अखंड धारेने सोडावं लागे. धार तुटली की कुप्या लहानमोठ्या होत. श्रुतिकाचा हात थरथरे. वैशालीचा हात वीस मिनिटं जागचा हलत नसे. मेहेंदळे साहेबांनी आधी नाक मुरडलं. दहावी झालेली, बाटल्या धुणारी बाई प्रयोगाच्या टेबलाशी? शेवटी ते कसेबसे तयार झाले, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "एक चूक झाली की परत बाटल्यांकडे. मला कारणं सांगायची नाहीत."

तेव्हापासून वैशाली पांढरा कोट घालायची, डोक्याला टोपी, हातात मोजे. ठमाबाईने तर एसटीच्या कंडक्टरलाही सांगून ठेवलं होतं, "माझी सून काळीज बघायचं औषध बनवते." कंडक्टरने तिकिटात सूट दिली नाही, पण पुढच्या वेळेपासून वैशालीला बसायला जागा मात्र करून दिली.

वर्षातले दहा महिने गेले आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर शर्मिला नाडकर्णी नमुना तपासायला तयार झाल्या. तारीख ठरली. आणि नेमकी त्या तारखेच्या तीन दिवस आधी श्रुतिका तापाने फणफणली.

कुप्या तयार होत्या. एकच पायरी उरली होती. पाण्यात कालवलेल्या कुप्या खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या भांड्यात भरायच्या, दिवसभर हलवायच्या नाहीत, आणि मग वर आलेल्या आणि तळाला बसलेल्या वेगळ्या करायच्या. ही पायरी श्रुतिका स्वतः करायची. वैशाली तेव्हा दुसऱ्या खोलीत बाटल्या उकळत असायची. श्रुतिकाने अंथरुणातून फोन केला. आवाज खोल गेलेला, मधेच खोकला. "ताई, तळाचं सोडून द्या. वरचं ठेवायचं. वरचं."

वैशालीने हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिने कुप्या भांड्यात भरल्या, दिवसभर हात लावला नाही, आणि उन्हं कलल्यावर ती त्या भांड्यापुढे उभी राहिली. वर पांढरी जाडसर साय धरली होती, तळाला दाट साका बसला होता. तिला त्या पोरीची दया आली. तापात माणूस उलटसुलट बोलायचंच. वरचं ठेवायचं म्हणे! वर काय येतं हे वैशाली उतेकरला कुणी शिकवायचं? पुन्हा फोन करून आजारी पोरीला कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिने आपल्या शहाणपणाने तोटी उघडली, तळाचं सगळं बाटल्यांत नीट भरून घेतलं आणि वरची साय मोरीत सोडून दिली. नंतर मोरी धुतलीसुद्धा, डाग राहू नये म्हणून. कृतीचा कागद भिंतीवर इंग्रजीत लावलेला होता. खरं सांगायचं तर तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलंही नाही. त्याच संध्याकाळी मेहेंदळे साहेबांच्या ड्रायव्हरबरोबर बाटल्या मुंबईला गेल्या, आणि शेवटची पायरी आपण एकटीने पार पाडली म्हणून वैशाली खुशीत बिरवाडीच्या खोलीवर आली. त्या दिवशी तिने स्वतःसाठी कोलंबी केली.

आठवड्याने अहवाल आला. एका ओळीचा. साधं पाणी आणि तुमचा नमुना यांत यंत्राला काहीही फरक दिसला नाही.

श्रुतिका तापातून उठली होती, पण ती ओळ वाचून पुन्हा बसली. राखून ठेवलेली बाटली तिने उघडली, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ डोळा वर काढला नाही. "सगळा चुरा आहे, ताई. फुटकी कवचं, नाहीतर भरीव गोळे. पोकळ एकही नाही." उरलेलं तिने पाण्याच्या पेल्यात ओतलं. हळूहळू सगळं तळाला जाऊन बसलं. "बघा. एकसुद्धा तरंगत नाही."

"तरंगाया हवं व्हतं?" वैशालीने विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"वायू आहे ना आत! चांगली कुपी वर येणारच. बुडते ती फुटकी." श्रुतिकाने डोळे पुसले. "माझंच चुकलं. कापराचं प्रमाण चुकलं असणार. दहा महिने, ताई. साहेबांना सोमवारी सांगून टाकते, की नाही जमलं."

वैशालीच्या तोंडापर्यंत शब्द आला होता, पण त्याच्यामागे मेहेंदळे साहेबांचा आवाजही आला, एक चूक झाली की परत बाटल्यांकडे. तिने कोट काढून खुंटीला लावला आणि शनिवारची दुपारची एसटी धरली. कंडक्टरने जागा करून दिली, ती तिला टोचली.

रविवारी अंगणात पाच घरचं बी आलं होतं. वैशालीने बादलीत मीठ सोडलं, बी ओतलं, आणि वर आलेले पोचट दाणे ओंजळीत घेऊन तशीच बसून राहिली. कोंबड्या पायाशी येऊन वाट बघत होत्या. ठमाबाई ओटीवरून बघत होती. सत्तरीची बाई, पण नजर घारीची.

"काय गो, कोंबड्यांना कशापायी उपाशी ठेवलंस?"

वैशालीने सगळं सांगितलं. फोन, तोटी, मोरी, अहवाल, श्रुतिकाचे डोळे. ठमाबाईला कुपी कळली नाही आणि पॉलिमर तर नाहीच नाही. पण बाकीचं चोख कळलं.

"तुला सांगितलं व्हतं वरचं ठेव म्हणून?"

"व्हतं."

"आन् तू तुझंच खरं केलंस."

"व्हय."

"मंग ती पोर आपल्या डोक्यावर घेते हाय ते तुझं हाय. तुझं ते घेऊन ये." ठमाबाई उठली आणि वैशालीच्या ओंजळीतले दाणे कोंबड्यांपुढे टाकले. "कामाचं नाव मिरवतेस ना गावभर? मंग चूक झाली ती बी मिरव. ती काय दुसरीची हाय?"

सोमवारी श्रुतिका साहेबांच्या खोलीकडे निघाली तेव्हा वैशालीने तिला दारात अडवलं आणि एका दमात सांगून टाकलं. श्रुतिका म्हणाली, "दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय. दोन दिवस!" आणि खोलीचं दार लावून घेतलं. वैशाली बाहेर उभी राहिली. ती जन्मात अशी कुणाच्या दारात उभी राहिलेली नव्हती. अर्ध्या तासाने दार उघडलं. श्रुतिकाचं नाक लाल झालेलं, पण चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा रंग होता.

"म्हणजे माझं प्रमाण बरोबर असेल," ती म्हणाली. "ताई, कळतंय का? मोरीत गेलं ते कदाचित चांगलं होतं!" आणि मग हळू आवाजात, "हे साहेबांना सांगायचं नाही. मी तांत्रिक अडचण म्हणून सांगते. तुम्ही गेलात तर धार कोण धरणार?"

वैशालीला हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

डॉक्टरांनी आणखी एकच तारीख दिली. दोघींनी नऊ दिवस त्या खोलीत घाम गाळला. वैशालीने धार धरली ती अशी, की श्रुतिका घड्याळ बघायचं विसरली. कुप्या गोठल्या, कापूर उडाला, वायू भरला. काचेचं भांडं दिवसभर शांत उभं राहिलं. संध्याकाळी वर पुन्हा ती पांढरी साय धरली होती. वैशालीने तोटी उघडली, तळाचं वाहू दिलं, आणि साय अगदी तोटीशी आली तेव्हा हात आवरला. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली गेला. "बघा," श्रुतिका म्हणाली. वैशालीने पहिल्यांदाच त्या नळीला डोळा लावला. गोल गोल, सारख्या मापाच्या, कडा चमकणाऱ्या शेकडो कुप्या. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात आपल्या हातचं बी हिरवं झालेलं तिने पाहिलं होतं. त्याहून हे सुख तसूभरही कमी नव्हतं.

मुंबईला वैशालीही गेली. कारण सरळ होतं. बाटल्यांना हिसके बसून चालणार नव्हतं आणि मुंबई-गोवा महामार्गावर हिसके कमी नाहीत. तेव्हा पेटी मांडीवर धरायला कुणीतरी हवं होतं. पुढे साहेब, मागे श्रुतिका आणि वैशाली. माणगावपर्यंत साहेबांचं डोकं दोनदा टपाला आपटलं, पण पेटीत बाटलीला बाटली वाजली नाही.

इस्पितळातली खोली थंड आणि अंधुक होती. सोनोग्राफीच्या यंत्रापुढे मांसासारख्या मऊ जेलीचा एक ठोकळा ठेवलेला, त्यातून एक नळी गेलेली, नळीत पाणी फिरतं. डॉक्टर नाडकर्णी पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पडद्यावर करडा ठोकळा दिसत होता आणि मधोमध नळीचा काळा पट्टा. वैशालीने मोजे घातले आणि बाटली तळहातांत हलकेच फिरवून दिली. डॉक्टरांनी सुईने थोडं औषध नळीत सोडलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग काळ्या पट्ट्याच्या एका टोकाला पांढरं उमटलं, पुढे सरकलं, आणि बघता बघता आख्खी नळी भरून लख्ख उजळली. श्रुतिकाने वैशालीचा दंड इतका घट्ट धरला, की पुढचे दोन दिवस तिथे वळ राहिले. मेहेंदळे साहेब खुर्चीवरून उठले आणि, काय करावं न सुचून, पुन्हा बसले.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चित्र थांबवलं. "उत्तम आहे. आता मला सांगा, मागच्या वेळी काय झालं होतं?"

"काहीतरी तांत्रिक अडचण होती," साहेब म्हणाले. "ती दूर केली."

"कुठली?"

साहेबांनी श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकाने जमिनीकडे पाहिलं. "वेगळं करण्याच्या पायरीला... थोडं..."

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "एकदा काहीच दिसत नाही, एकदा लख्ख दिसतं, आणि मधे काय बदललं ते तुम्हाला सांगता येत नाही. मग हा योगायोग नाही कशावरून? उद्या हे माणसाच्या शिरेत जायचं आहे. कारण कळल्याशिवाय मी पुढे एक पाऊल टाकणार नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वैशाली भिंतीशी उभी होती. आपण बोललो तर काय जाईल ते तिला पुरतं ठाऊक होतं. कोट जाईल, टेबल जाईल, एसटीतली जागाही जाईल. आणि न बोललो तर हा नळीतला उजेड इथेच विझेल. तिने पदर खोचला.

"म्याडम, कारण मी हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. श्रुतिका "ताई" म्हणाली, पण वैशाली आता थांबणार नव्हती.

"या पोरीचं कायबी चुकलं नव्हतं. ती तापात व्हती. मला म्हणाली वरचं ठेव. आमच्याकडं भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात, वर येतं ते पोचट, ते टाकायचं. मी वीस वर्षं तेच केलंय. मला वाटलं, पोर तापात उलटं बोलली. म्हणून मी तळाचं भरून तुम्हाला धाडलं आन् चांगलं ते मोरीत वतलं. तुम्ही बघितलात तो फुटका चुरा व्हता. या बारीला वरचं ठेवलं. बाकी समदं तेच, कापूर तेवढाच, धार तीच. बदललं ते येवढंच."

मेहेंदळे साहेबांच्या कपाळावरची शीर वैशालीला स्पष्ट दिसत होती.

डॉक्टरांनी तिला नीट निरखून पाहिलं. "म्हणजे पहिला नमुना तुम्ही घालवलात."

"व्हय. मीच."

"आणि हा?"

वैशालीची मान आपोआप ताठ झाली. "हा बी मीच केला. या पोरीनं शिकवला तसा."

आता डॉक्टर हसल्या. अगदी मोकळं, आवाज करून. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "याला म्हणतात कारण. तळाचं पाठवलं तर काही दिसू नये आणि वरचं पाठवलं तर दिसावं, हे तुमच्या कृतीवर शिक्कामोर्तबच आहे. हा प्रयोग मी मुद्दाम सांगितला असता तरी तुम्ही इतका स्वच्छ केला नसता." मग साहेबांकडे वळून, "या तुमच्याकडे काय करतात?"

मेहेंदळे साहेबांनी घसा साफ केला. त्यांनी पडद्यावरची थांबलेली पांढरी नळी पाहिली, श्रुतिकाला पाहिलं, आणि शेवटी वैशालीला पाहिलं. बाटल्या हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा, पण तो त्यांनी गिळला.

"ऑपरेटर आहेत," ते म्हणाले. "आमच्या मुख्य ऑपरेटर."

"दोन्ही नमुन्यांच्या नोंदीत यांचं नाव घालते," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्यातही आणि दुसऱ्यातही. चालेल ना?"

"पहिल्यात आधी घाला," वैशाली म्हणाली.

डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, कंपनीचा पत्ता पाहिला आणि त्या लिहू लागल्या. वैशाली उतेकर, तालुका महाड. वैशाली दोन पावलं पुढे आली आणि मोजा घातलेलं बोट कागदावर ठेवलं.

"महाड नाय, म्याडम. पोलादपूर. करंजमाची, तालुका पोलादपूर. दोन्हीकडं नीट लिवा."